राजकीय सिद्धांताचा पहिला पेपर : राज्यशास्त्र अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राज्यशास्त्र अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : प्रथम वर्ष कला, ‘राजकीय सिद्धांताची ओळख’ या पेपरची फेरमांडणी

महोदय / महोदया,

नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही आली. श्रेयांक (क्रेडिट) आले, मुख्य आणि गौण विषयांच्या चौकटी आल्या, पेपरांना नवे सांकेतिक क्रमांक मिळाले. पहिल्या वर्षाच्या राजकीय सिद्धांताच्या पेपरात मात्र अनेक ठिकाणी जुनीच यादी नव्या कागदावर उतरली. राज्यशास्त्राचा अर्थ, स्वरूप, व्याप्ती. राज्याचे चार घटक. मग सत्ता, स्वातंत्र्य, समता, न्याय, हक्क, लोकशाही आणि प्रत्येकाची व्याख्या, वैशिष्ट्ये, प्रकार, महत्त्व. हा पेपर शिकवणारे आम्ही काही अध्यापक आपल्याला एवढेच सांगू पाहतो : या पेपरातून विद्यार्थ्याला समोरचा युक्तिवाद उलगडून तपासता आला पाहिजे, आणि तसे व्हायचे असेल तर दुरुस्ती अभ्यासक्रमाच्या मसुद्यात न करता आधी प्रश्नपत्रिकेत करावी लागेल. वर्गात काय शिकवले जाते हे घटकांची यादी ठरवत नाही, मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ठरवतात.

‘स्वातंत्र्याची व्याख्या सांगून त्याचे प्रकार स्पष्ट करा’ हा नेहमीचा प्रश्न घ्या. उत्तराचा साचा ठरलेला : प्रस्तावना, लास्की, ग्रीन आणि आणखी कुणाची तरी व्याख्या, नैसर्गिक-नागरी-राजकीय-आर्थिक-राष्ट्रीय असे पाच-सहा प्रकार, समारोप. या उत्तरात स्वातंत्र्याविषयी क्षणभरही विचार करावा लागत नाही. हे उत्तर सर्वांत चांगले गाईड लिहिते; मग विद्यार्थी गाईड वाचतो, यात त्याचा काय दोष? उलट जो अध्यापक तीन तासिका जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज तत्त्वज्ञावर घालवतो त्याच्या विद्यार्थ्याचे नुकसान होते, कारण मिलचा आक्षेप मांडायला त्या साच्यात जागाच नाही. त्यात पाच घटकांवर पाच प्रश्न आणि ‘कोणतेही तीन सोडवा’ अशी सवलत असली की न्याय हा घटक पहिल्याच आठवड्यात ऑप्शनला जातो. न्यायाचा सिद्धांत मांडणाऱ्या जॉन रॉल्सचे नावही न लिहिता विद्यार्थी राजकीय सिद्धांतात प्रथम श्रेणी मिळवतो.

सत्रांत परीक्षा ६० गुणांची धरून आम्ही पुढील रचना सुचवतो. पहिला प्रश्न २० गुणांचा, सक्तीचा : दीडशे ते दोनशे शब्दांचा, वर्गात न वाचलेला मराठी उतारा. वृत्तपत्रातला अग्रलेख, विधिमंडळातले भाषण, न्यायालयीन निकालाचा भाग, काहीही चालेल. फक्त त्यात काहीतरी सिद्ध करण्याचा प्रयत्न हवा. विद्यार्थ्याने लेखकाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगावा (४), त्याला दिलेला आधार क्रमाने मांडावा (६), न बोललेले पण गृहीत धरलेले एक विधान शोधावे (४) आणि एक गंभीर आक्षेप घ्यावा (६). दुसरा प्रश्न संकल्पनांतील भेदावर, दहा-दहा गुणांचे दोन : अधिमान्यता (सत्ता रास्त आहे अशी मान्यता) आणि केवळ आज्ञापालन, औपचारिक संधी आणि रास्त संधी, अशा जोड्या. तिसरा २० गुणांचा निबंध. त्याची गुणविभागणी प्रश्नपत्रिकेवरच छापावी : संकल्पना अचूक वापरली का, ३, भूमिका स्पष्ट आहे का, ४, ती पटवण्याचा युक्तिवाद, ८, विरोधकाचा सर्वांत बळकट आक्षेप मांडून त्याला दिलेले उत्तर, ५.

या रचनेत सर्वांत जास्त बिघडते ते ‘आदर्श उत्तरा’पाशी. परीक्षकांना नमुना उत्तर दिले की ते त्यातले मुद्दे मोजतात, आणि आरक्षणाच्या बाजूने लिहिलेला निबंध नमुन्याशी जुळला म्हणून १६, विरोधात लिहिलेला जुळला नाही म्हणून ७, असे होते. म्हणून निबंधासाठी नमुना उत्तर न देता, दोन परस्परविरोधी भूमिका घेणारी आणि दोन्ही १५ गुणांच्या तोडीची अशी दोन उत्तरे परीक्षकांना द्यावीत.

अंतर्गत ४० गुणांचे सध्या जे चालते ते आपल्याला ठाऊकच आहे. घरून लिहून आणलेला प्रकल्प आधी इंटरनेटवरून उतरायचा, आता यंत्राकडून लिहून येतो. त्याऐवजी वर्गातच, हाताने, तीनशे शब्दांचे चार निबंध घ्यावेत, प्रत्येकी १० गुणांचे. यावरचा आक्षेप आम्हीच मांडतो : १२० विद्यार्थ्यांचे चार म्हणजे ४८० निबंध, पाच मिनिटांनी एक तपासला तरी ४० तास. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाला घेतलेल्या तासिकेचे मानधन मिळते, तपासणीचे नाही. म्हणून चारपैकी दोन निबंध वरच्याच गुणविभागणीने विद्यार्थ्यांनी एकमेकांचे तपासावेत, अध्यापकाने त्यांतले थोडे पडताळावेत आणि उरलेल्या दोन निबंधांच्या तपासणीचे वीस तास कार्यभारात धरावेत. कार्यभाराचा निर्णय अभ्यासमंडळाच्या हाती नाही हे खरे, पण शिफारस विद्यापरिषदेकडे पाठवता येते.

आता शब्दांविषयी. मराठीतून हा विषय शिकवताना अर्ध्या चुका सिद्धांतात होतच नाहीत, परिभाषेत होतात. ‘राज्य’ म्हटले की विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर महाराष्ट्र राज्य येते, नाहीतर शिवछत्रपतींचे राज्य. मग राज्याला सार्वभौमत्व असते हे वाचून तो गोंधळतो, आणि त्याचा गोंधळ रास्तच असतो. सिद्धांताच्या पेपरात सर्वत्र ‘राज्यसंस्था’ हाच शब्द ठेवावा. ‘अधिकार’ हा तर तीन कामे एकटा करतो : हक्क, अधिकाऱ्याची सत्ता आणि आज्ञा देण्याचा मान्य दावा. संविधानाच्या मराठी पाठात ‘मूलभूत हक्क’ आहे, २००५ च्या कायद्यात ‘माहितीचा अधिकार’. पेपरापुरते तरी हक्क, सत्ता आणि अधिसत्ता असे तीन शब्द वेगळे राखावेत. (हक्क या शब्दाचाही इतिहास वर्गात सांगण्यासारखा आहे. मराठेशाहीच्या कागदांत हक्क म्हणजे देशमुख-पाटलाला वतनामुळे मिळणारे येणे. जन्माने आणि वतनाने मिळणारी वस्तू केवळ माणूस असल्यामुळे मिळू लागली, हे स्थित्यंतर त्या एका शब्दात साठले आहे.)

‘न्याय’ म्हणजे कोर्ट, ‘राजकारण’ म्हणजे कुरघोडी, आणि ‘स्वातंत्र्य’ म्हणजे १५ ऑगस्ट. शेवटचा घोळ सर्वांत महाग पडतो, कारण परतंत्र नसलेले राष्ट्र आणि अडवणूक नसलेली व्यक्ती या दोन्हींना मराठीत एकच शब्द आहे. व्यक्तिस्वातंत्र्यावरच्या उत्तराची सुरुवात १९४७ पासून होते ती त्यामुळे. त्यावर ‘नकारात्मक स्वातंत्र्य’ या भाषांतराने कळस केला आहे. आजच्या बोलीत नकारात्मक म्हणजे वाईट, सकारात्मक म्हणजे उत्साहवर्धक. मग उत्तरपत्रिकेत हमखास वाक्य येते : नकारात्मक स्वातंत्र्य समाजाला घातक असून सकारात्मक स्वातंत्र्य उपयुक्त आहे. तत्त्वज्ञ आयझेया बर्लिन यांनी १९५८ च्या ऑक्सफर्डमधील व्याख्यानात धोक्याचा इशारा दिला तो नेमका दुसऱ्या प्रकाराबद्दल! ‘भावात्मक’ हा पर्यायही नको, तो भावनांकडे ओढतो. सरळ ‘अडथळा नसण्याचे स्वातंत्र्य’ आणि ‘स्वतःचा धनी असण्याचे स्वातंत्र्य’ म्हणावे. शब्द लांब होतात, पण कळतात.

याहून चांगले हत्यार १९६७ साली तत्त्वज्ञ जेराल्ड मॅककॅलम यांनी दिले. त्यांच्या मते स्वातंत्र्याविषयीच्या कोणत्याही विधानात तीन जागा असतात : कोण, कशापासून मोकळा, काय करायला. मराठी विद्यार्थ्याला हे विभक्तीसारखे पटकन समजते. कर्ता, ‘पासून’ आणि ‘साठी’. ज्या वाक्यात यांतली एक जागा रिकामी, तिथे वाद लपलेला असतो. स्वातंत्र्यावरची पहिली तासिका व्याख्येने सुरू न करता वर्तमानपत्रातली दहा वाक्ये फळ्यावर लिहून या तीन जागा भरायला लावाव्यात.

आणि मग महाड घ्यावे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर अडथळा उरला नव्हता. तरीही अस्पृश्यांना तिथे पाणी भरता येत नव्हते, म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह झाला. त्यानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागायला मार्च १९३७ उजाडले. आता विचारा : १९२४ ते १९२७ या काळात ते लोक पाणी प्यायला स्वतंत्र होते काय? ‘अडथळा नसणे म्हणजे सरकारचा हस्तक्षेप नसणे’ असे पाठ केलेला विद्यार्थी ‘होते’ म्हणून बसतो आणि लगेच अस्वस्थ होतो. बर्लिन यांच्या मांडणीत अडथळा फक्त सरकारचा नसतो, कोणाही माणसांनी घातलेला असू शकतो. आणि मिलने १८५९ मध्येच समाजाचा जुलूम सरकारी जुलमाहून खोल जातो असे बजावले होते. हे दोन मुद्दे महाडशिवाय शिकवले तर टिपणवहीत राहतात, महाडसोबत शिकवले तर पक्के होतात.

याचसाठी फुले, ताराबाई शिंदे, शाहू महाराज, आंबेडकर यांना ‘भारतीय विचारवंत’ या पुढच्या वर्षीच्या पेपरात राखून ठेवू नये, असे आमचे आग्रहाचे म्हणणे आहे. सिद्धांत पाश्चात्त्यांचा आणि चरित्र आपल्यांचे, अशी वाटणी झाल्यामुळे आंबेडकरांवरचे उत्तर जयंतीच्या भाषणासारखे होते : जन्म, शिक्षण, कार्य, थोरवी. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतले भाषण युक्तिवाद म्हणून वाचले पाहिजे. राजकारणात एक व्यक्ती-एक मत-एक मूल्य, सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता. ही विसंगती लवकर दूर झाली नाही तर विषमतेने पोळलेले लोक राजकीय लोकशाहीची रचना उद्ध्वस्त करतील. हे भाकीत आहे की मूल्यनिर्णय? भाकीत असेल तर पंचाहत्तर वर्षे मतदान चालू राहिले याने ते खोटे ठरते का? की ‘टिकणे’ या शब्दाचा अर्थच आधी ठरवावा लागेल? असे प्रश्न विचारण्यात अनादर नाही. ज्याचे म्हणणे खोडून पाहण्याच्या लायकीचे वाटते, त्यालाच आपण विचारवंत म्हणतो.

समतेसाठी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश एका पानात मावतो, आणि अभ्यासाला तो पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांहून सरस आहे. रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भराव्यात. ज्या कार्यालयात त्यांचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी. खातेप्रमुखांनी दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता सादर करावा. तिसऱ्या कलमाकडे लक्ष वेधावे : समतेची घोषणा आणि समतेचे धोरण यांत फरक असतो तो त्या तिमाही तक्त्याचा. विद्यार्थी इथे आरक्षणाला कमाल मर्यादा घालणाऱ्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालातले ५० टक्के आणून जोडतात. पहिल्या ५० चे काम तळाचे आहे, दुसऱ्या ५० चे छताचे. एकाच आकड्यामागे दोन वेगळी समर्थने कशी असतात, हे याहून स्वच्छ दाखवणारे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

न्यायावर मात्र आकडेमोड करून घ्यावी. समान आकाराच्या तीन गटांचे तीन समाज कल्पावेत. पहिल्यात सर्वांचे उत्पन्न २०, २०, २०. दुसऱ्यात ६०, ३५, २५. तिसऱ्यात १५०, ४०, १८. बेरजा अनुक्रमे ६०, १२० आणि २०८. निव्वळ समता हवी असेल तर पहिला, एकूण बेरीज महत्त्वाची असेल तर तिसरा. रॉल्सच्या भेदतत्त्वाने (विषमता चालेल, पण ती तळाच्या गटाच्या सर्वाधिक फायद्याची हवी) दुसरा, कारण तळाच्या गटाला तिथे सर्वाधिक, २५, मिळतात. व्यक्तीचा मालकीहक्क सर्वांत पुढे ठेवणारा रॉबर्ट नोझिक यांतला एकही निवडणार नाही. तो विचारेल की हे उत्पन्न आले कसे, आणि ते समजल्याखेरीज आकड्यांवरून न्याय ठरतच नाही. पंचवीस मिनिटांत चार सिद्धांत हाताला लागतात. पुढे अट बदलावी : दुसऱ्या समाजात वृत्तपत्रांवर बंदी आहे असे समजा. आता रॉल्स दुसरा समाज नाकारेल, कारण मूलभूत स्वातंत्र्यांचे तत्त्व आधी येते, भेदतत्त्व नंतर. ‘रॉल्स म्हणजे गरिबांना जास्त द्या’ एवढेच लिहिणाऱ्या उत्तरातून नेमका हा अग्रक्रम गळतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे रॉल्सचा न्याय दानधर्मासारखा व्यक्तीवर लादणे. त्याचा विषय समाजाची मूलभूत रचना आहे.

रॉल्सचा १९७१ चा आणि नोझिकचा १९७४ चा वाद परदेशी वाटू द्यायचा नसेल तर अध्यापकाने आपली पगारपत्रिका वर्गात न्यावी. तिच्यात व्यवसाय कर दिसेल : महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. हा कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमी योजनेसाठी. योजना १९७२ च्या दुष्काळात सुरू झाली आणि १९७७ च्या अधिनियमाने काम मागणे हा ग्रामीण माणसाचा कायदेशीर हक्क झाला. शहरातल्या नोकरदाराने कमावलेल्या पैशातून खेड्यातल्या खडी फोडणाऱ्याची मजुरी. नोझिकच्या मते श्रमाच्या कमाईवरचा कर सक्तीच्या मजुरीच्या जातीचा आहे. तेव्हा नेमकी सक्ती कोणावर झाली आणि हक्क कोणाचा, हे दोन्ही बाजूंनी लिहायला लावावे. हा एकच दाखला न्याय, हक्क आणि राजकीय बंधन (राज्यसंस्थेची आज्ञा पाळण्याचे कर्तव्य) या तिन्ही घटकांना पुरतो.

सामाजिक कराराबद्दल थोडक्यात. ‘प्राचीन काळी लोक एकत्र आले व त्यांनी करार केला’ हे वाक्य उत्तरपत्रिकांतून हद्दपार व्हायला हवे. हॉब्स (१६५१) ते रूसो (१७६२) हा करार राज्यसंस्थेच्या जन्माची हकिकत म्हणून शिकवला की तो इतिहासाच्या कसोटीवर खोटा ठरतो आणि विद्यार्थी तो सोडून देतो. तो समर्थनाची चाचणी म्हणून शिकवावा : कोणत्या अटींवर आज्ञा पाळायला आपण तयार झालो असतो?

तासांचा हिशेब असा. चार श्रेयांकांचे साठ तास. युक्तिवाद म्हणजे काय, ‘आहे’ आणि ‘असावे’ यांतला फरक, यासाठी ८. स्वातंत्र्य १४, समता १२, न्याय १२, हक्क व राजकीय बंधन ८, वर्गातील लेखन ६. स्वरूप-व्याप्ती, राज्यशास्त्राचा इतर समाजशास्त्रांशी संबंध, राज्याचे चार घटक आणि लोकशाहीचे प्रकार गाळावेत. हे बहुतांश अकरावी-बारावीत होऊन गेलेले असते किंवा शासनव्यवहाराच्या पेपरात येते. प्रवेशप्रक्रिया लांबल्यामुळे पहिल्या सत्रात साठ तास पूर्ण हाती लागत नाहीत, तेव्हा कापायचे झाले तर हक्क व राजकीय बंधन हा शेवटचा घटक कापावा, पहिले आठ तास कधीही नाही. ते गेले की उरलेले सगळे पुन्हा पाठांतर होते.

यासाठी शंभर पानांचा मराठी वाचनसंच लागेल, पाच-सात पानांचे पंधरा-सोळा उतारे. मिल आणि फुले यांच्या लेखनावर प्रताधिकार उरलेला नाही. आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचाही, मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजता, २०१६ अखेर संपला. बर्लिन (मृत्यू १९९७) आणि रॉल्स (मृत्यू २००२) यांचे मात्र चालू आहेत. अध्यापनासाठी उतारे छापण्याची मुभा प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातील छायाप्रत-संचांच्या प्रकरणी तिचा अर्थ बराच उदार लावला. मराठी अनुवाद छापून विकायचा असेल तर प्रकाशकाची परवानगी घ्यावी. ती न मिळाल्यास कलम ३२ खाली अनुवादाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. अनुवाद एकाने करावा आणि दुसऱ्याने, मूळ इंग्रजी न पाहता, फक्त मराठी म्हणून वाचावा. जिथे तो अडखळेल तिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही अडखळणार.

अभ्यासमंडळाच्या पुढील बैठकीपुढे आमच्या तीनच मागण्या आहेत : सक्तीच्या उताऱ्याचा प्रश्न, छापील गुणविभागणी आणि परिभाषेची दोन पानी यादी. वाचनसंचाला वर्ष लागेल. या तिन्हींना एक बैठक पुरते. नमुन्यादाखल तीन प्रश्नपत्रिका आणि प्रत्येकीची दोन-दोन विरोधी उत्तरे आम्ही तयार ठेवली आहेत. विषयपत्रिकेवर हा विषय येत असल्याचे कळवल्यास त्या सात दिवस आधी सदस्यांच्या हाती पोचवू.

आपले,
प्रथम वर्षाला राजकीय सिद्धांत शिकवणारे काही अध्यापक